मलेरियाच्या औषधांचा सर्वे पहिल्यांदा करताय? आधी ‘एक कोर्स’ म्हणजे किती ते ठरवा

माझ्या पहिल्या सर्वेच्या फॉर्मवर एक रकाना होता ‘गोळ्या किती’ आणि शेजारी दुसरा ‘किंमत’. बास. दिवसभर उन्हातान्हात फिरून आलो, रात्री एक्सेल भरायला बसलो तर दोन ओळींत एकच औषध, आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन, दोन्हीकडे ६ गोळ्यांचं पाकीट, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या बरोब्बर दुप्पट. मी बिनधास्त शेरा मारला, ‘हा दुकानदार लुटतोय’. नशीब पाकिटांचे फोटो काढले होते. झूम करून बघितलं तर स्वस्तवाल्यावर २०/१२० छापलेलं (एका गोळीत आर्टिमेथर किती मिग्रॅ / ल्युमेफँट्रिन किती मिग्रॅ) आणि महागवाल्यावर ८०/४८०. म्हणजे पहिलं पाकीट ५ ते १५ किलोच्या पोराचा कोर्स आणि दुसरं मोठ्या माणसाचा पूर्ण कोर्स. मोठ्या माणसाला पहिलंच घ्यायचं झालं तर चार पाकिटं लागणार, म्हणजे ज्याला मी लुटारू म्हणत होतो त्याच्याकडेच कोर्स निम्म्या पैशात पडत होता.

तेव्हापासून कुणी नवीन टीममध्ये आलं की मी आधी हेच पाकीट दाखवतो. औषध मिळतं का, केवढ्याला मिळतं आणि लोक ते कसं घेतात, हे तिन्ही प्रश्न शेवटी ‘एका पेशंटचा एक पूर्ण कोर्स’ याच मापाने मोजायचे असतात. हे माप सुटलं की बाकी सगळी मेहनत पाण्यात. (खाली डोसचे आकडे येतील ते सर्वेच्या हिशोबासाठी आहेत, त्यावरून कुणी स्वतःवर प्रयोग करू नका प्लीज, ते डॉक्टरचं काम.)

पायरी १: तीन प्रश्न वेगळे करा

नवीन माणूस म्हणतो ‘मला मलेरियाच्या औषधांवर रिसर्च करायचाय’ आणि एकाच फॉर्ममध्ये सगळं कोंबतो. तसं करू नका. औषध उपलब्ध आहे का आणि केवढ्याला, हे दुकानात आणि दवाखान्यात जाऊन कळतं. वापर मात्र घरी जाऊन विचारावा लागतो, नाहीतर औषध घेऊन बाहेर पडणाऱ्याला दारात गाठावं लागतं. दुकानदाराला ‘लोक गोळ्या पूर्ण घेतात का’ विचाराल तर तो हो म्हणणारच, त्याला काय माहीत तुम्ही गेल्यावर पेशंट काय करतो ते. आणि औषध विकलं गेलं म्हणजे ते मलेरिया असलेल्यालाच गेलं असंही नाही, यावर पुढे बोलू.

पायरी २: औषधांची यादी, आणि ती पाठ

फील्डवर जायच्या आधी ही यादी तोंडपाठ हवी, कारण शेल्फसमोर उभं राहून गूगल करत बसलात तर दुकानदार दोन मिनिटांत कंटाळतो.

सगळ्यात वर एसीटी, म्हणजे आर्टेमिसिनिनचा एक भाऊबंद आणि सोबत जास्त काळ टिकणारं दुसरं औषध अशी जोडगोळी. आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन, आर्टेसुनेट-अमोडायाक्विन, आर्टेसुनेट-मेफ्लोक्विन, डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपेराक्विन, आर्टेसुनेट-पायरोनारिडीन, आणि काही ठिकाणी आर्टेसुनेट अधिक एसपी (सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामाइन). आर्टेमिसिनिन शोधल्याबद्दल चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं ते तुम्हाला माहीत असेलच. साध्या (म्हणजे गंभीर नसलेल्या) फॅल्सिपेरम मलेरियासाठी (फॅल्सिपेरम आणि व्हायवॅक्स हे मलेरियाच्या परजीवीचे दोन प्रकार) एसीटी वापरा हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला २००१ पासूनचा.

मग जुनी मंडळी: क्लोरोक्विन (व्हायवॅक्सवर अजून बऱ्याच ठिकाणी चालतं, फॅल्सिपेरमवर बहुतेक ठिकाणी निकामी झालंय), एसपी (हे आता मुख्यतः गरोदर बायकांना आणि लहान मुलांना मलेरिया होऊच नये म्हणून देतात), क्विनीन, प्रायमाक्विन. गंभीर मलेरियासाठी आर्टेसुनेटचं इंजेक्शन, आणि दवाखाना लांब असेल तर रेफर करण्याआधी लहान मुलांना गुदद्वारातून देतात ती १०० मिग्रॅची आर्टेसुनेट कॅप्सूल.

आणि एक यादी ‘दिसायला नको पण दिसली तर लिहायची’ अशी. त्यात पहिला नंबर एकट्या आर्टेसुनेटच्या किंवा एकट्या आर्टिमेथरच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा. या एकट्या विकणं थांबवा असं संघटनेने २००६ मध्येच सांगितलं, कारण एकटं औषध दिलं की परजीवी त्याला लवकर सरावतो. फॉर्मवर यासाठी वेगळा कोड ठेवाच, ‘इतर’मध्ये टाकलंत तर नंतर सापडणार नाही.

ब्रँडच्या नावाने यादी बनवू नका, जेनेरिक नावाने बनवा आणि ब्रँड शेजारी लिहा. ब्रँड शेकड्यांनी असतात, त्यात दोन ब्रँडचं नाव एका अक्षराने वेगळं आणि आतलं औषध पूर्ण वेगळं असंही होतं.

पायरी ३: घरबसल्या जेवढं मिळेल तेवढं आधी गोळा करा

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथे चार दिवस घातले की फील्डवरचे चाळीस वाचतात. तुमच्या देशाची मलेरियाची उपचार-नियमावली शोधा, पहिलं औषध कुठलं, दुसरं कुठलं, बदल कधी झाला. औषध नियंत्रकांकडची नोंदणीकृत औषधांची यादी शोधा. जागतिक आरोग्य संघटनेची प्रीक्वालिफिकेशनची यादी डाउनलोड करा, ही स्कीम २००१ पासून आहे आणि कुठल्या कंपनीचं कुठलं औषध दर्जाच्या तपासणीत पास झालंय ते त्यात मिळतं. दरवर्षीचा जागतिक मलेरिया अहवाल बघा, २०२३ सालात अंदाजे २६ कोटी ३० लाख केसेस आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू, त्यातले ९० टक्क्यांहून जास्त आफ्रिकेत, हे आकडे त्यातलेच.

किमतींसाठी पद्धत शोधत असाल तर जागतिक आरोग्य संघटना आणि हेल्थ अ‍ॅक्शन इंटरनॅशनल यांनी मिळून बनवलेलं मॅन्युअल वाचा, पहिली आवृत्ती २००३ ची, दुसरी २००८ ची. ते सगळ्याच औषधांसाठी आहे, नुसत्या मलेरियासाठी नाही, पण किंमत, उपलब्धता आणि परवडणं कसं मोजायचं ते त्यात मुळापासून समजावलंय. खास मलेरियाच्या बाजारासाठी २००८ मध्ये एसीटीवॉच नावाचा प्रकल्प सुरू झाला, बेनिन, कंबोडिया, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, मादागास्कर, नायजेरिया, युगांडा आणि झांबिया या सात देशांत. त्यांच्या प्रश्नावल्या बघून घ्या, चाक पुन्हा शोधत बसायची गरज नाही.

पायरी ४: कुठल्या दुकानांत जायचं

इथे नवशिके हमखास आपटतात. ते मोठ्या चकाचक फार्मसींची यादी घेतात आणि त्यातूनच सँपल काढतात, कारण यादी तेवढीच मिळते. पण ताप आलेला माणूस बऱ्याचदा आधी जातो कुठे, तर घराशेजारच्या छोट्या दुकानात, लायसन नसलेल्या औषधवाल्याकडे, फिरत्या विक्रेत्याकडे, नाहीतर गावातल्या आरोग्यसेवकाकडे. यांची नावं कुठल्याच यादीत नसतात.

यावरचा उपाय साधा आहे पण पायपीट मागतो. भूभागाचे तुकडे पाडा (तालुका, वॉर्ड, जे काय तिकडे असेल ते), लोकसंख्येच्या प्रमाणात त्यातले काही तुकडे चिठ्ठ्या टाकून निवडा आणि निवडलेल्या तुकड्यात जिथे जिथे औषध मिळू शकतं त्या प्रत्येक ठिकाणी जा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. दारात आधी दोनच प्रश्न: आज मलेरियाचं कुठलं औषध आहे का, आणि आज नसेल तर गेल्या तीन महिन्यांत होतं का. दोन्हीला नाही आलं तर आभार मानून पुढे, पण नोंद मात्र करायची. ही ‘नाही’वाली दुकानं फेकून दिली तर नंतर टक्केवारी कशाची काढणार? ‘१०० पैकी ४० दुकानांत एसीटी’ आणि ‘मलेरियाचं काहीतरी ठेवणाऱ्या ५० पैकी ४० दुकानांत एसीटी’ ही एकाच बाजाराची दोन चित्रं आहेत, एकात ४० टक्के आणि एकात ८०. रिपोर्टमध्ये दोन्ही द्या आणि कुठलं कुठलं ते स्पष्ट लिहा.

पायरी ५: शेल्फसमोर

आता खरं काम. दुकानदाराला म्हणा, मलेरियाचं जे जे आहे ते सगळं काउंटरवर काढून ठेवता का. तोंडी सांगितलेलं लिहायचं नाही, हातात घेऊन वाचायचं. ‘आहे’ याचा अर्थ आज, आत्ता, डोळ्यांना दिसलं आणि एक्सपायरी उलटलेली नाही. ‘उद्या येतंय’ म्हणजे नाही.

प्रत्येक पाकिटाची एक ओळ. ब्रँड, जेनेरिक नाव, प्रत्येक घटक किती मिग्रॅ, गोळी की सिरप की इंजेक्शन की पाण्यात विरघळणारी गोळी, पाकिटात किती, कंपनी, देश, एक्सपायरी, विकतो केवढ्याला, घेतो केवढ्याला, गेल्या ७ दिवसांत किती विकली. आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो, परवानगी घेऊन. पाकिटावर काही खूण किंवा लोगो असेल तर तोही लिहा. ग्लोबल फंडाच्या एएमएफएम या सबसिडीच्या योजनेत पाकिटांवर हिरव्या पानाचा लोगो असायचा आणि सबसिडीचा माल कुठपर्यंत पोचला ते त्या पानावरूनच मोजता आलं.

एकदा एका काउंटरवर सगळी पाकिटं मांडून झाली, मी पेन बंद केलं, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि ‘तापाच्या चार द्या’ म्हणालं. दुकानदाराने खालच्या खणातून एक प्लॅस्टिकची बरणी काढली, त्यातल्या चार पांढऱ्या गोळ्या कागदात बांधून दिल्या. बरणीवर ना नाव ना तारीख. मी विचारलं तर म्हणे क्लोरोक्विन, ‘ती तर नेहमीचीच, ती काय दाखवायची’. म्हणून आता मी शेवटी वेगळं विचारतोच, सुट्या गोळ्या काय काय विकता? काही बाजारांत अर्धी विक्री तिथेच असते.

अजून एक, सरकारी दवाखान्यात ‘एसीटी आहे’ असं ऐकून समाधान मानू नका. एएल (म्हणजे आपलं आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन) चार वजनगटांच्या पाकिटांत येतं, ६, १२, १८ आणि २४ गोळ्या. २४ वालं संपलं की नर्स ६ वाली चार पाकिटं जोडून देते, मग लहान मुलांची संपतात. कागदावर औषध शंभर टक्के उपलब्ध आणि मुलाला मात्र उद्या या. चारही पाकिटांची वेगवेगळी नोंद ठेवली तरच हे दिसतं.

पायरी ६: सगळं एका मापात आणा

आता ते पहिल्या परिच्छेदातलं पाकीट. एसीटीवॉचवाल्यांनी जे माप वापरलं ते असं: ६० किलोच्या मोठ्या माणसाला बरं करायला जेवढं औषध लागतं तेवढं एक एकक. एएलचं बघा, २० मिग्रॅ आर्टिमेथरच्या २४ गोळ्या, म्हणजे ४८० मिग्रॅ. मग ६ गोळ्यांचं २०/१२० पाकीट = १२० मिग्रॅ = पाव कोर्स. ६ गोळ्यांचं ८०/४८० पाकीट = ४८० मिग्रॅ = पूर्ण कोर्स. सिरपच्या ५ मिलीत १५ मिग्रॅ आर्टिमेथर आणि बाटली ६० मिलीची असेल तर १८० मिग्रॅ, म्हणजे एक तृतीयांशाच्या थोडं वर. एसपीच्या ३ गोळ्या म्हणजे एक कोर्स, एकदाच घ्यायच्या.

क्लोरोक्विनमध्ये एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलेलो आहे. काही पाकिटांवर २५० मिग्रॅ लिहिलेलं असतं आणि काहींवर १५०, आणि गोळी एकच! २५० हे क्लोरोक्विन फॉस्फेट या क्षाराचं वजन, त्यातलं खरं औषध म्हणजे बेस साधारण १५०. कोर्स मोजतात बेसमध्ये, किलोमागे २५ मिग्रॅ, ६० किलोला १५०० मिग्रॅ, म्हणजे १० गोळ्या. क्षाराचा आकडा बेस समजून भागलात तर ६ च गोळ्यांत कोर्स होतो आणि औषध आहे त्यापेक्षा बरंच स्वस्त दिसतं. फॉर्मवर ‘क्षार की बेस’ असा रकाना ठेवा.

इंजेक्शनं या हिशोबात मिसळू नका, गंभीर मलेरियाचा पेशंट वजन आणि तब्येतीप्रमाणे वेगवेगळ्या कुप्या घेतो आणि नंतर पुन्हा पूर्ण एसीटी घेतो. त्यांचं वेगळं टेबल करा.

पायरी ७: किंमत

सरासरी काढू नका, मध्यक काढा. एकदोन दुकानं अचाट महाग असतात आणि सरासरीला ओढून नेतात. मध्यकासोबत मधल्या ५० टक्क्यांची रेंज द्या म्हणजे पसारा किती तेही कळेल.

दुकानदार कितीला घेतो हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा, आधी विचाराल तर तो तुम्हाला टॅक्सवाला समजणार. आणि सांगितलं तर हिशोब नीट करा: १०० ला घेऊन १५० ला विकलं तर खरेदीवर ५० टक्के वाढ, पण विक्रीच्या किमतीत नफ्याचा वाटा ३३ टक्के. दोन रिपोर्ट भांडत असतात तेव्हा कित्येकदा भांडण एवढंच असतं, एकाने हे मोजलेलं, दुसऱ्याने ते.

सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं तिथे शून्य लिहा, पण ते शून्य खाजगी दुकानांच्या किमतीत मिसळून मध्यक काढू नका. शिवाय केसपेपरची फी, टेस्टची फी, जाण्यायेण्याचा खर्च विचारा, बऱ्याच घरांत फुकट औषधच महाग पडतं ते यामुळे.

परवडतं का हे बघायला पायरी ३ मधल्या मॅन्युअलमधली युक्ती छान आहे. सरकारी नोकरीतल्या सगळ्यात कमी पगाराच्या अकुशल कामगाराची एक दिवसाची मजुरी घ्यायची आणि कोर्ससाठी किती दिवसांची मजुरी जाते ते मोजायचं. फक्त एवढं ध्यानात असू द्या की कित्येक लोक त्या कामगारापेक्षाही कमी कमावतात. आणि एका घरात दोन पोरं एकदम तापली तर गुणिले दोन.

वेगवेगळ्या वर्षांची तुलना करताना महागाई काढून टाका, वेगवेगळ्या देशांची करताना विनिमय दर कुठल्या तारखेचा ते लिहा.

पायरी ८: वापर

घरोघरीच्या मोठ्या सर्वेंमध्ये ठरलेला प्रश्न असतो: गेल्या दोन आठवड्यांत घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलाला ताप आला होता का? आला असेल तर टेस्टसाठी बोटातून किंवा टाचेतून रक्त घेतलं का, सल्ला कुठे घेतला, औषध काय दिलं, ताप आल्यापासून किती दिवसांनी. दोन आठवडेच का, तर त्यापुढचं कुणाला आठवत नाही. खरं तर दोन आठवड्यांतलंही औषधाचं नाव आठवत नाही, आई म्हणते ‘पिवळी गोळी’, म्हणून पाकिटांच्या फोटोंचं कार्ड सोबत न्या आणि रिकामं पाकीट घरात उरलंय का ते विचारा. उरलेल्या गोळ्या निघाल्या तर त्या मोजा, ‘कोर्स पूर्ण केला का’ या प्रश्नापेक्षा ते उत्तर खरं.

एएलचं तर नुसतं ‘तीन दिवस घेतलं’ पुरत नाही. दुसरा डोस पहिल्यानंतर ८ तासांनी, मग दिवसातून दोनदा, आणि सोबत काहीतरी स्निग्ध खायला लागतं नाहीतर ल्युमेफँट्रिन अंगात नीट शोषलंच जात नाही. दुकानदाराने यातलं काय सांगितलं, ते दारात थांबून गिऱ्हाइकाला विचारा. डमी गिऱ्हाईक पाठवूनही बघतात, त्यात दुकानदार कसा वागतो ते जास्त खरं दिसतं, पण त्याला न सांगता त्याची परीक्षा घेतोय आपण, तेव्हा एथिक्स कमिटीची परवानगी असल्याशिवाय अजिबात नाही.

आता मघाशी सोडलेला मुद्दा. एएमएफएमचं २०१२ मध्ये मूल्यमापन छापून आलं, आठ पायलटपैकी नायजर आणि मादागास्कर सोडले तर दर्जेदार एसीटीची उपलब्धता भरपूर वाढली, साधारण २६ ते ५२ टक्के-अंकांनी, आणि खाजगी दुकानांतल्या किमतीही बऱ्याच ठिकाणी उतरल्या. उपलब्धता आणि किंमत या दोन प्रश्नांवर झकास पास. पण स्वस्त झालेली ती औषधं मलेरिया असलेल्यांनाच मिळाली का, याचं उत्तर दुकानाच्या सर्वेत नसतंच. संघटना २०१० पासून म्हणतेय की शक्य तिथे आधी टेस्ट करा मग औषध द्या. तेव्हा फॉर्मवर रॅपिड टेस्ट किटची तीच चौकशी करा जी गोळ्यांची करता, आहे का, केवढ्याला, कोण करतं. टेस्ट औषधापेक्षा महाग असेल तर माणूस सरळ औषधच घेणार, मीही घेईन.

दर्जाबद्दल थोडक्यात

नकली औषध डोळ्यांनी ओळखता येतं या भ्रमात राहू नका. आग्नेय आशियात नकली आर्टेसुनेटच्या पाकिटांवर हुबेहूब होलोग्रामसुद्धा निघाले होते. दर्जा तपासायचा तर नमुने विकत घ्या आणि लॅबला पाठवा, त्याचं बजेट वेगळं धरा. बजेट नसेल तर रिपोर्टमध्ये ‘प्रीक्वालिफाइड यादीत आहे / नाही’ एवढंच लिहा, ‘नकली’ हा शब्द लॅबशिवाय वापरायचा नाही.

निघायच्या आधी

दोन दिवसांचा पायलट करा, तुमच्या टीममधला सगळ्यात नवीन माणूस पाठवा, कारण फॉर्म कुठे अडतो ते त्यालाच कळेल. दुकानाचं नाव आणि डेटा वेगळ्या फाइलींत, कोड नंबरने जोडलेले. लायसन नसलेल्याने तुमच्यावर विश्वास टाकून खण उघडला असेल तर त्याचं नाव कुठल्याही ऑफिसात जाता कामा नये, आणि हे त्याला खण उघडायच्या आधीच सांगायचं. पावसाळ्यात, मलेरिया जोरात असताना एकदा आणि कोरड्या दिवसांत एकदा असे दोन राउंड जमले तर उत्तम, स्टॉक दोन्ही वेळी अगदी वेगळा दिसतो. एकच राउंड परवडत असेल तर मलेरियाच्या सीझनमध्ये करा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा करायचा झाला तर त्याच महिन्यात.

पॉवर बँक विसरू नका. पाकिटांच्या फोटोंनी फोन दुपारीच मान टाकतो.